तिसरा रकाना

ऑफिसात त्यांना सगळे खुलासेबाई म्हणत. नाव पडलं ते चेष्टेत, पण बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं. टेबलावरच्या पाटीवर 'मुख्य प्रकटन अधिकारी' असं लिहिलेलं होतं आणि ते वाचताना येणाऱ्याची जीभ अडखळायची. खुलासेबाई म्हटलं की फाटकावरचा रखवालदारसुद्धा न विचारता दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवायचा.

कंपनी श्रवणयंत्रं बनवायची. कानामागे बसणारी, शेंगदाण्याएवढी यंत्रं. तळमजल्यावर कारखाना, पहिल्या मजल्यावर जुळवणीच्या खोल्या. या खोल्यांच्या भिंतींना राखाडी स्पंज लावलेला होता आणि दार लावलं की माणसाला स्वतःच्या मानेतली शीर ऐकू यायची. ग्राहक तिथे बसायचा, कानात निरनिराळे आवाज सोडले जायचे आणि त्याला काय ऐकू येतं, काय नाही, यावरून यंत्र जुळवलं जायचं. पूर्वी हे काम चार तंत्रज्ञ करत. आता त्यातलं निम्मं एआय करायचं, आणि ते नेमकं कुठलं निम्मं हे जगाला सांगायचं काम बाईंकडे होतं.

कायदाच तसा झाला होता. कुठे माणूस काम करतो आणि कुठे यंत्र, हे प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा छापून जाहीर करायचं. बहुतेक कंपन्या एका वाक्यात उरकायच्या, 'आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदारीने वापर करतो.' बाईंना या वाक्याचा मनापासून राग होता. दाराला कडी लावून आतून 'घरात सगळं आलबेल आहे' असं ओरडण्यातला हा प्रकार, असं त्या म्हणायच्या. त्यांचं पत्रक चाळीस पानांचं असायचं. प्रत्येक कामाची एक ओळ आणि पुढे दोन रकाने : माणूस, यंत्र. एकात खूण करायची. जे काम दोघं मिळून करतात त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यापुढे वेगळी खूण करायची. आणि नियम असा की जे काम बाईंनी शेजारी उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्याची ओळ छापायची नाही.

हा नियम वडिलांचा. ते वजनमापांचे निरीक्षक होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतः तोलून पाहिल्याशिवाय एकाही वजनावर शिक्का मारला नव्हता. दुकानदार त्यांना बघून कपाळाला हात लावायचे, आणि गिऱ्हाइकं मात्र त्यांचा शिक्का शोधून माल घ्यायची. बाईंना हे सांगताना अजून मान ताठ व्हायची.

त्या वर्षी पत्रक छपाईला जायला पंधरा दिवस होते. दोनशे अकरा कामांच्या ओळी तयार होत्या. बाई ग्राहकांच्या अभिप्रायांची फाइल चाळत होत्या, ते खरं तर सवयीने. त्यात एका आजींनी लिहिलं होतं, 'आठव्या दिवशी फोन करणाऱ्या तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. फार मायेने चौकशी करतात.' चार कागदांनंतर एका रिक्षावाल्याचा अभिप्राय होता. त्यातही आठव्या दिवसाच्या बाई होत्या. मग खुलासेबाईंनी फाइल पहिल्यापासून काढली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना अशी त्रेपन्न पत्रं सापडली.

असं काही काम त्यांच्या यादीत नव्हतं. बाईंना जरा लाजच वाटली. दोनशे अकरा कामं शोधणाऱ्या बाईंच्या हातून इतकं ठळक काम सुटावं, हे काही बरं नव्हतं. डबा तसाच ठेवून त्या तिसऱ्या मजल्यावर फोनखोलीत गेल्या.

फोनखोलीच्या प्रमुखांना सगळे ताई म्हणायचे. हाताखाली अकरा मुली होत्या आणि त्यांच्या गोड बोलण्याचा ताईंना फार अभिमान. त्यांनी पत्रं वाचली, पुन्हा वाचली.

"आमचा फोन तिसऱ्या दिवशी जातो," ताई म्हणाल्या. "नंतर एकदम महिन्याने. आठव्या दिवसाचा आमचा नाही. तुमच्या इंजिनिअरने काहीतरी बोलकं यंत्र बसवलं असेल."

इंजिनिअर तळघरात बसायचा. चाळिशीचा, अबोल माणूस. जुळवणीचं सगळं एआय त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी उभं केलं होतं.

"माझं यंत्र बोलत नाही," तो म्हणाला. "ते फक्त ऐकतं."

"मग हे फोन कोण करतं?"

त्याने टेलिफोनच्या नोंदी उघडल्या. फोन होते. गेली दोन वर्षं, प्रत्येक ग्राहकाला, यंत्र घेतल्याच्या आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता कंपनीच्या नंबरावरून फोन गेलेला होता. ऑफिसातल्या कुठल्या टेबलावरून गेला, हे नोंदायची जागा मात्र रिकामी होती. एके दिवशी अकरा वाजता एकदम नऊ फोन गेलेले दिसत होते.

"बोलण्याचं ध्वनिमुद्रण असेल ना?" बाईंनी विचारलं.

ध्वनिमुद्रण होतं. त्याने नमस्कार सांगणाऱ्या त्या आजींच्याच फोनचं लावलं.

"हॅलो," आजी म्हणाल्या. मग काहीच नाही. "हो, हो, बरं आहे की." पुन्हा काही नाही. "डाव्या कानाला जरा टोचतं." मग बराच वेळ शांतता, आणि अचानक आजी खळखळून हसल्या. कोणीतरी चांगला विनोद केल्यावर माणूस हसतो तशा.

"दुसऱ्या बाजूचा आवाज नोंदला गेलेला नाही," बाई म्हणाल्या.

 इंजिनिअरने ध्वनिमुद्रण मागे नेलं आणि आवाज वाढवला. आजी बोलत असताना त्यांच्या मागे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आजी थांबल्या की टिकटिकही थांबत होती. रस्त्यावरच्या गाड्या थांबत होत्या. पंखा थांबत होता. आजी पुन्हा बोलू लागल्या की सगळं सुरू.

"हे मला करता येणार नाही," इंजिनिअर शेवटी म्हणाला. "म्हणजे करायचं म्हटलं तरी."

बाईंनी वहीत टिपण केलं आणि खाली तारीख घातली. घाबरण्यासारखं काही त्यांना अजून दिसत नव्हतं. एक काम होतं, ते कोणीतरी करत होतं, आणि तो कोणीतरी एकतर माणूस होता नाहीतर यंत्र. शोधायला पंधरा दिवस पुष्कळ होते.

दुसऱ्या दिवशी त्या पत्र लिहिणाऱ्यांपैकी एका सुताराला भेटल्या. तीस वर्षं विजेच्या करवतीशेजारी काढल्यामुळे त्याचे दोन्ही कान गेलेले. दुकानात भुसा उडत होता. त्याने करवत बंद केली, स्टूल पुसून बाईंना बसायला दिलं.

"त्या बाई होय," तो म्हणाला. "फार चांगल्या. त्यांच्याशी बोललो आणि मग लक्षात आलं, यंत्र तर टेबलावर होतं."

"कानात नव्हतं?"

"चार्जिंगला लावलं होतं. यंत्राशिवाय मला ही करवतसुद्धा ऐकू येत नाही." तो रंधा हातात फिरवत राहिला. "आवाज कसा होता विचाराल तर सांगता यायचं नाही. लहानपणी जसं ऐकू यायचं ना, तसं होतं."

बाईंनी हेही टिपून घेतलं. परतताना मात्र त्या लिफ्ट सोडून जिन्याने वर गेल्या. लिफ्टमध्ये मजला सांगणारा एक आवाज होता आणि का कोण जाणे, तो त्यांना त्या वेळी नको वाटला.

मालकांच्या कानावर गोष्ट गेलीच. त्यांनी बाईंना आणि इंजिनिअरला केबिनमध्ये बोलावलं. मालक माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता.

"ग्राहक खूश आहेत ना? मग यंत्राच्या रकान्यात खूण करा आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "आपल्या एआयचं केवढं नाव होईल. इतकं मायेने बोलणारं यंत्र दुसऱ्या कोणाकडे आहे?"

"आपल्याकडेही नाही," इंजिनिअर म्हणाला.

"तुमचं नाव छापू. फोटोसकट."

"मी न केलेल्या कामावर माझं नाव नको."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत या माणसाबद्दल त्यांना इतका आदर कधी वाटला नव्हता.

"मग माणसाच्या रकान्यात टाका," मालक म्हणाले. "फोनखोलीतली कुठलीतरी मुलगी करते म्हणावं."

"साहेब, पाहिल्याशिवाय ओळ छापत नाही मी," बाई म्हणाल्या. "आणि काम चालू असताना ओळ गाळतही नाही. माझ्या सहीशिवाय पत्रक निघणार नसेल तर मला दहा दिवस द्या."

मालकांनी दिले. द्यावेच लागले.

बाईंच्या डोक्यात वडील आले ते त्याच संध्याकाळी, ताटं वाढताना. वडील आता एक्याऐंशीचे. कान दहा वर्षांपूर्वीच गेलेले, पण लेक श्रवणयंत्रांच्या कंपनीत असूनही त्यांनी यंत्राला हात लावू दिला नव्हता. 'मला ऐकायचंय तेवढं ऐकू येतं,' हे ठरलेलं उत्तर. बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "बाबा, एक तपासणी आहे. तुमच्याशिवाय होणार नाही."

वडिलांनी घास खाली ठेवला. "कसली तपासणी?"

बाईंनी सगळं सांगितलं, काही पाटीवर लिहून, काही ओरडून. वडिलांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून जुळवणीच्या खोलीत हजर होते. यंत्र कानात बसलं आणि बाई म्हणाल्या, "बाबा, येतंय ऐकू?" तर त्यांनी वळून लेकीकडे पाहिलं. "तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय," ते म्हणाले. बाईंना उगाच दार उघडायचं काम आठवलं.

आठव्या दिवशी बाईंनी रजा घेतली. स्वच्छ ऊन पडलं होतं. वडील साडेदहालाच तयार होते. खुर्ची टेबलाला सरळ लावलेली, पुढ्यात कागद आणि टोक केलेली पेन्सिल. नोकरीत असताना ते बाजारपेठेत असेच जाऊन बसायचे. घरात दोन फोन होते, एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एकाच तारेवर. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. तिथून वडील समोर दिसत होते.

अकराला फोन वाजला.

वडिलांनी दोन घंटा होऊ दिल्या आणि उचलला. बाईंनी त्याच क्षणी आतला उचलला.

काही नव्हतं. बंद फोनमधली खरखरसुद्धा नव्हती.

मग बाईंच्या लक्षात आलं की पंखा ऐकू येत नाही. त्यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. ओट्यावरच्या नळातून थेंब पडत होते, भांड्यात पडून फुटत होते, आणि आवाज नव्हता. बाईंनी पाय आपटून पाहिला. फरशी लागली. आवाज नाही.

वडील बोलत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. ध्वनिमुद्रणात निदान आजींचं बोलणं ऐकू आलं होतं, इथे तेही नव्हतं. मध्येच थांबून ते मान डोलवत होते, कामाच्या माणसाशी बोलावं तसे. चेहऱ्यावर भीती नव्हती.

त्यांनी एका हाताने कानातलं यंत्र काढलं. दुसऱ्या कानातलंही काढलं. दोन्ही टेबलावर ठेवली, बाईंना नीट दिसतील अशी, आणि पुन्हा रिसीव्हर कानाला लावला. पुन्हा मान डोलावली.

बाईंनी हाक मारली. घसा हलला, पण स्वतःची हाक त्यांना ऐकू आली नाही.

त्या पुढे गेल्या. पेन्सिल उचलून त्यांनी कागदावर लिहिलं, 'विचारा. माणूस की यंत्र?' कायद्याप्रमाणे हा प्रश्न विचारला की फोनवरच्या आवाजाने खरं उत्तर द्यायचं असतं. तो नियम बाईंना कलमासकट पाठ होता.

वडिलांनी विचारलं.

ऐकलं.

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि आपल्या निरीक्षकाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'माणसाखाली नको. यंत्राखाली नको. खोटं होईल.'

पेन्सिलचा आवाज आला नव्हता.

थोडं थांबून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली : 'म्हणते, मुलीने आखलेले रकाने दोनच आहेत.'

वडिलांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि पंखा, नळ, रस्ता, सगळं एकदम घरात शिरलं. बाई खुर्चीत बसल्या. 

वडिलांनी यंत्रं पुन्हा कानात घातली. "बाई सज्जन आहे," ते म्हणाले.

"कोण आहे ती, बाबा?"

"ते तू विचारायला सांगितलं नाहीस." त्यांनी कागदावर तारीख घातली, खाली सही केली आणि तो लेकीच्या हातात दिला. "पण आता तू पाहिलंस. शेजारी उभी राहून पाहिलंस. आता शिक्का मार."

बाईंनी मारला. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून, मोजपट्टीने. चाळीसच्या चाळीस पानांवर एक रकाना वाढवला. त्याला नाव काय द्यावं हे काही सुचेना, तेव्हा डोक्यावर फक्त लिहिलं, 'दोन्ही नाही'. दोनशे अकरा ओळींत तो रिकामा होता. दोनशे बाराव्या ओळीत, 'आठव्या दिवसाचा फोन' यापुढे, एक खूण होती.

मालकांनी डोक्याला हात लावला. लोक हसतील म्हणाले. बाईंनी कागद पुढे सरकवला आणि वाट पाहत राहिल्या. इंजिनिअरने त्यांच्या सहीखाली साक्षीदार म्हणून आपली सही केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग ताई आल्या आणि त्यांनीही केली. मालकांनी तिन्ही सह्या एकेक करून वाचल्या. पत्रक छापलं गेलं.

लोक हसले नाहीत. हसले असते तर बाईंची त्याला तयारी होती. झालं भलतंच. दुसऱ्या कंपन्यांतल्या खुलासे लिहिणाऱ्या माणसांचे फोन येऊ लागले. सगळे हळू आवाजात बोलायचे. 'तुम्ही तो रकाना छापलात कसा?' एवढंच विचारायचे. बाई म्हणायच्या, 'मोजपट्टीने.'

पुढच्या वर्षी सरकारी नियामक कार्यालयाने बाईंचा तक्ता सर्वांसाठी सक्तीचा केला, तिन्ही रकान्यांसकट. त्यासाठी मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला. तक्त्याचं चित्र पडद्यावर दाखवलं गेलं आणि बाईंचं नाव पुकारल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत वडील होते. टाळ्यांच्या आवाजाने यंत्र कानात शिट्टी मारायला लागलं तरी त्यांनी ते काढलं नाही. घरी जाताना गाडीत म्हणाले, "चौतीस वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. बरं झालं. सगळ्या साठवून तुला मिळाल्या." बाईंना आयुष्यात याहून मोठं काही मिळालं नव्हतं, मिळायचंही नव्हतं, आणि हे त्यांना तेव्हाच समजत होतं.

नियामक कार्यालयाने तक्त्यात स्वतःची एकच भर घातली होती. शेवटी एक छोटी चौकट, 'हे काम असं कधीपर्यंत चालेल?' बाईंनी आठव्या दिवसाच्या फोनपुढे 'ठरलेलं नाही' असं लिहून पाठवलं.

सगळ्या कंपन्यांचे तक्ते एकत्र छापलेलं जाडजूड पुस्तक एका रविवारी दुपारी घरी आलं. बाई आणि वडील ते टेबलावर उघडून बसले. बाईंनी कौतुकाने पान पान उलटलं. तिसऱ्या रकान्यात खूण केलेल्या कंपन्या एकोणीस होत्या. एका बँकेत मृत खातेदारांच्या घरी पत्रं जात होती. एका धरणावर पहाटेची नोंद कोणीतरी लिहून ठेवत होतं. एका शाळेत गैरहजर मुलांना रोज कोणीतरी धडा समजावत होतं. एकोणीस माणसांनी आपापल्या जागी उभं राहून पाहिलं होतं आणि खरं लिहिलं होतं. बाईंना भरून आलं.

मग त्यांचं लक्ष शेवटच्या चौकटीकडे गेलं.

माणसांच्या आणि यंत्रांच्या कामांपुढे नाना तऱ्हेची उत्तरं होती. तिसऱ्या रकान्यातल्या कामांपुढे, त्यांचं स्वतःचं सोडून, अठराही ठिकाणी एकच तारीख होती. सात महिन्यांनंतरची.

छपाईची चूक असेल म्हणून बाईंनी धरणाच्या कार्यालयात खुलासे लिहिणाऱ्या माणसाला फोन लावला. तोही ते पुस्तकच बघत बसला होता.

"तारीख कुठून घेतलीत तुम्ही?"

"विचारली," तो म्हणाला. "सांगितली. तुम्ही विचारलं नव्हतं का?"

बाईंनी फोन ठेवला. पुस्तक वडिलांच्या पुढ्यात सरकवून त्यांनी त्या अठरा जागांवर एकेक करून बोट ठेवलं. वडिलांनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. एकीपाशीही ते थबकले नाहीत.

"बाबा?"

"मी विचारली नव्हती," वडील म्हणाले. "तिनेच सांगितली होती. म्हणाली, लेकीला एवढ्यात सांगू नका, चांगलं काम करतेय, करू द्या."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. पुस्तक मिटून कडा नीट जुळवल्या आणि दोन्ही हातांनी लेकीकडे परत केलं.

"पुढच्या वर्षीचं पत्रक त्या तारखेच्या आत निघेल ना गं तुझं?" त्यांनी विचारलं.